उपग्रहाला दुपटं शिवणारी आत्या

माझी आत्या आयुष्यभर पडदे शिवत आली. शाळांचे, दवाखान्यांचे, एका नाट्यगृहाचा भला मोठा मखमली पडदा, आणि घराघरांतल्या खिडक्यांचे तर विचारूच नका. अंगाने काटकुळी, नाक टोकदार, बोलणं त्याहून टोकदार आणि ओठांत सदा दोन-तीन टाचण्या धरलेल्या. त्यामुळे बाजारपेठेतले सगळे तिला ‘टाचणी’च म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कुणी नवख्याने खऱ्या नावाने हाक मारली, की ती मागे वळून बघायची, ही कोण बाई आली म्हणून.

मी तिच्या भावाची मुलगी. आमची घरं एकाच जिन्यावर. ती आणि आतोबा वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. तिच्या आयुष्यात जे काही घडलं ते मला एक तर तिच्या तोंडून कळलं, नाहीतर छतातून ऐकू आलं.

ती पन्नाशीला टेकली आणि तिचं दुकान बंद पडलं. मोठ्या दुकानांत शिवलेले, इस्त्री केलेले, कड्या लावलेले पडदे मिळायला लागल्यावर माप घ्यायला घरी येणारी बाई कुणाला हवी होती? मालकाने शटर ओढलं, आत्या तिचं मशीन घेऊन घरी आली. घरी बसली असं म्हणवत नाही, कारण बसणं तिला ठाऊकच नव्हतं. तिने आतोबांच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी उलटवून शिवल्या. आमच्या उशांना नवे अभ्रे झाले, शेजाऱ्यांच्या स्कूटरला झूल झाली, आईच्या मिक्सरला टोपडं झालं.

“मी आताशा एका जागी फार वेळ बसत नाही,” आतोबा मला म्हणाले. “न जाणो, मलाही खोळ शिवायची.”

जाहिरात आईने वाचली. उपग्रह बनवणाऱ्या एका खाजगी कंपनीला हाताने आणि मशीनवर शिवणकाम करणारे लोक हवे होते.

“वहिनी, छपाईची चूक असेल,” आत्या म्हणाली. “उपग्रहाला काय झबलं घालतात?”

“घालत असतील बाई. वर गारठा असेलच की.”

आई गमतीत बोलली, पण ते अगदी खरं निघालं. उपग्रहाच्या उन्हाकडच्या अंगाला भाजून निघण्याची पाळी येते आणि सावलीकडचं अंग गोठून जातं. म्हणून त्याला चकचकीत, पातळ पापुद्र्यांचं पांघरूण घालतात. एकावर एक वीसेक पापुद्रे, प्रत्येक दोघांमध्ये जाळी, आणि सगळं कडेने शिवलेलं. हे काम कुठल्याही यंत्राला धड जमत नाही. माणसाचे हात लागतात.

मुलाखत घ्यायला चष्मा लावलेली एक तरुण इंजिनिअर होती. तिने आत्यापुढे सोनेरी पापुद्र्याचा तुकडा ठेवला आणि सरळ टीप मारायला सांगितलं.

“ह्याचं सूत उभं कुठलं, आडवं कुठलं?” आत्याने विचारलं.

“ह्याला सूतच नाही, मावशी.”

“मग हे कापड नव्हे. कांद्याची साल आहे.”

पहिला तुकडा तिने टरकावला. दुसराही टरकावला. मग ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, “आण गं आणखी एक, ह्याच्याशी माझी अजून ओळख झाली नाही.” तिसरा तुकडा जेमतेम जमला. पुढे चष्मेवालीने मला सांगितलं, की फाडला सगळ्यांनीच होता. पण बाकीच्या घाबरल्या, रडवेल्या झाल्या. हसून दुसरा तुकडा मागणारी ही एकटीच.

अशी माझी आत्या कामाला लागली, आणि आमच्या जिन्यावर आनंदीआनंद झाला. रोज संध्याकाळी ती वर जायच्या आधी आमच्याकडे चहाला थांबायची आणि दिवसाची बित्तंबातमी सांगायची. क्लीनरूम नावाचा मोठा हॉल होता. तिथे धुळीचा कण चालत नाही. आत जाताना पांढरा अंगरखा, पांढरी टोपी, तोंडाला फडकं, हातमोजे. बाहेर फक्त डोळे. क्रीम लावायचं नाही, अत्तर नाही, केसांना तेल नाही. कारण बोटाचा तेलकट डाग पापुद्र्यावर राहिला तर वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि ती कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसते. जन्मभर तेल चोपडून वेणी घालणारी आत्या आता पिंजारलेल्या कापसासारखी दिसू लागली.

“विज्ञानासाठी माणूस काय काय सोसतं,” आतोबा म्हणाले.

“तुम्ही कुठे काय सोसताय?”

“मला बघावं लागतं ना!”

त्या पांघरुणाला कंपनीत लांबलचक नाव होतं. आत्याने पहिल्याच आठवड्यात त्याला ‘दुपटं’ म्हटलं आणि बघता बघता सगळा हॉल दुपटं म्हणू लागला. इंजिनिअरसुद्धा. “डाव्या टाकीचं दुपटं झालं का?” “अँटेनाच्या दुपट्याला बांधायचा कान कमी पडतोय.” उपग्रह म्हणजे अर्थातच बाळ.

पांढऱ्या अंगरख्यांत कोण कुठलं ते कळायचं नाही, चालीवरून ओळखायचं. तिथेच आत्याने पहिला मोठा घोळ घातला. एकदा एक उंचसा माणूस तिच्या टेबलापाशी नुसताच हात बांधून उभा होता. तिला वाटलं सफाईवाला. “अरे, नुसता उभा काय राहिलास? त्या कोपऱ्यातली पट्टी कोण पुसणार, तुझा बाप?” त्याने मुकाट्याने फडकं घेतलं, पट्टी पुसली, फडकं जागेवर ठेवलं आणि गेला. शेजारची बाई टेबलाखाली तोंड घालून हसत होती. तो कंपनीचा मालक होता.

त्याला सगळे ‘दहा-नऊ साहेब’ म्हणत. कुठल्याही कामाची मुदत तो उलटी मोजायचा; दहा दिवस राहिले, नऊ राहिले, आठ. पट्टी पुसल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने आत्याला बोलावलं. ही निरोप घ्यायच्या तयारीने गेली. साहेब म्हणाला, “बाई, दुसरा कोपराही पुसून ठेवलाय. तपासून घ्या.” आत्या संध्याकाळी हे सांगताना इतकी हसली, की चहा नाकात गेला.

टेबलाखाली तोंड घालून हसणारी ती शेजारीण म्हणजे बटण. ठेंगणी, गोल, गालांवर खळ्या, म्हणून बटण. ती आधी छत्र्या शिवायची. नवरा गेल्यापासून सासू आणि दोन मुली तिच्याच जिवावर होत्या. टाचणी आणि बटण शेजारी बसल्या, की हॉलमध्ये हसण्याला खळ नसे. डबा एकत्र, बस एकत्र, सुट्टीच्या दिवशी पुन्हा एकमेकींच्या घरी. आतोबा म्हणायचे, “लग्न चुकीच्या माणसाशी केलंस.”

कंपनी सांगायची, की आपले उपग्रह पिकं बघतात, जंगलातले वणवे बघतात, पूर बघतात. आणि ते खोटं नव्हतं. एका वर्षी नदीकाठच्या खोऱ्यात मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर तिथला एक नावाडी कंपनीत आभार मानायला आला. काचेपलीकडे उभा राहून टोपी हातात चुरगळत म्हणाला, “कुठली वाट पाण्याखाली गेली आणि कुठली उघडी आहे, ते तुमच्या चित्रावरून कळलं. त्या वाटेनं आम्ही शाळेच्या गच्चीवरच्या लोकांपर्यंत पोचलो.” मग विचारलं, “हे यंत्र केलं कुणी?” काचेच्या अलीकडे सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. शेवटी बटणने आत्याला पुढे ढकललं.  आत्याने नुसते हातमोज्यातले हात वर केले. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे चहाला थांबली नाही. सरळ वर गेली आणि छतातून आम्हाला तिचं गाणं ऐकू आलं. आत्या बेसूर गाते, पण त्या दिवशी कुणीच तक्रार केली नाही.

त्यानंतर वर्षभराने पडदा आला.

दहा-नऊ साहेबाने आत्याला बोलावून सांगितलं, “बाई, तुमचा जुना धंदा कामाला येणार. हॉलच्या मधोमध एक पडदा हवाय. छतापासून जमिनीपर्यंत. पलीकडचं अलीकडे दिसता कामा नये.”

“पलीकडे काय आहे?”

“नवी ऑर्डर आहे.”

“कुणाची?”

साहेब हसला. “पडदा झाला की तेही विचारायचं नाही.”

आत्याने पडदा शिवला. मन लावून शिवला. जाड, करडा, धूळ न धरणारा. पण तिच्या मनाला काहीतरी कुरतडू लागलं. “लोक पडदा उन्हासाठी लावतात, धुळीसाठी लावतात, नाहीतर लाजेसाठी,” ती आईला म्हणाली. “हॉलमध्ये ऊन येत नाही. धूळ तर नाहीच नाही.”

पडदा लागल्यावर काही दिवसांनी गणवेशातले दोन अधिकारी पाहणीला आले. त्यांतला वयस्कर अधिकारी आत्याच्या टेबलापाशी थांबला. मोठा सभ्य माणूस. “माझी आईही शिवणकाम करायची,” तो म्हणाला. “तुमची टीप तिच्यासारखी आहे. बारीक.”

आत्याला बरं वाटलं. तिने सहज विचारलं, जसं कुणालाही विचारावं, “तुमचं बाळ वर जाऊन काय बघणार?”

 तो हसून म्हणाला, “लोकांना जे कुणी बघू नये असं वाटतं, ते.”

नमस्कार करून तो गेला. 

आतोबांनी तरुणपणी सैन्यात ट्रक चालवला होता. सीमेवर पीठ, रॉकेल, औषधं पोचवायची. संध्याकाळी आत्याने त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खांदे उडवले. “त्यात काय? सैन्याला डोळे नकोत? आंधळं सैन्य जास्त वाईट. मी बघितलंय.”

“आणि सीमेपलीकडच्यांना पण तेव्हा असेच डोळे असते तर?”

 आतोबा घाटातल्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत मधेच उभे असलेले मला दिसू लागले, आणि त्यांनाही बहुधा तेच दिसत असावं. मग म्हणाले, “तर तू लग्न दुसऱ्या कुणाशी तरी केलं असतंस.”

“दुकानाच्या मालकाशी,” आत्या म्हणाली. “त्याने मागणी घातली होती.”

“त्या शटरवाल्याशी?” आतोबा ताडकन उठले, आणि युद्धाचा विषय राहिला बाजूला. पण आत्याच्या डोक्यातून तो गेला नव्हता.

तिने चष्मेवालीला गाठलं. पोरगी खरं बोलणारी होती. तिने आत्याला कँटीनच्या खिडकीपाशी नेलं आणि सांगितलं, “मावशी, पडद्यापलीकडचा उपग्रह सरळसरळ संरक्षण खात्याचा आहे. पण अलीकडचेही काही सोवळे नाहीत. कॅमेरा सकाळी गहू बघतो, दुपारी छावण्या बघतो. गव्हाची चित्रं शेतीवाले घेतात, छावण्यांची सैन्य घेतं, मोर्चाला किती गर्दी जमली त्याची पोलीस घेतात. चित्र विकलं जातं. घेणाऱ्याला कंपनी फारसं विचारत नाही.”

“म्हणजे माझं कुठलं दुपटं चांगल्या बाळाचं?”

“कुठलंच नाही. आणि म्हटलं तर सगळीच. नावाड्याची वाट पण त्याच कॅमेऱ्याने दाखवली ना.”

आत्याला हे उत्तर आवडलं नाही, पण पटलं. ती घरी येऊन म्हणाली, “मला नावडत्या माणसाचं काम करावं लागलं तर करीन किंवा नाही करणार. पण माप कुणाचं ते न सांगता कापड कापायला लावलं, तर तो शिंप्याचा अपमान झाला.”

तेवढ्यात पडद्यापलीकडे शिवायला माणसं निवडली गेली. पगारावर जादा भत्ता होता, आणि कागदावर सही करायची होती, की पलीकडचं काही कुठे बोलणार नाही. आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मी रात्री झोपेत बडबडते, मला नेऊ नका.” साहेबाने हसून सोडून दिलं. बटणला विचारलं. बटणने सही केली.

त्यांचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. जेवणाच्या सुट्टीत दोघी समोरासमोर बसायच्या.

“आज काय शिवलंस?”

“शिवलं काहीतरी.”

“मोठं होतं?”

“होतं तसं.”

मग दोघी भाजीत बोटं घोळवत बसायच्या. ज्या टेबलावर हसून हसून डबे सांडायचे, तिथे आता चमच्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. बटण बसमध्ये पुढच्या सीटवर बसू लागली. आत्याच्या गप्पा आटल्या, आमचा चहा बेचव झाला. आई मला म्हणाली, “हिला युद्धाचं दुःख आहेच. पण हिचं अर्धं दुखणं पुढच्या सीटवर बसतं.”

वर्षअखेरीला कंपनीत सगळ्यांची सभा असायची. मोठा हॉल, खुर्च्या, खाऊची पाकिटं. दहा-नऊ साहेब मंचावरून सांगायचा, किती उपग्रह गेले, किती जाणार. शेवटी म्हणायचा, “कुणाला काही विचारायचंय?” आणि कधी कुणी काही विचारायचं नाही, कारण पाकीट उघडायची घाई असायची.

त्या वर्षी आत्या उभी राहिली. हे मला चष्मेवालीने सांगितलं, कंपनीच्या बसड्रायव्हरने सांगितलं आणि आत्याने स्वतः निदान शंभरदा सांगितलं, त्यामुळे मी तिथे होते असंच आता मला वाटतं.

“साहेब,” आत्या म्हणाली, “हॉलमधला पडदा मी शिवला. चांगला झालाय ना?”

“उत्तम झालाय, बाई.”

“मग शिवणाऱ्या बाईला एवढं तरी सांगा, की तो कुणापासून लपवायला लावलाय? शत्रूपासून म्हणावं, तर शत्रू आपल्या हॉलमध्ये येत नाही. हॉलमध्ये येतो आम्ही.”

लोक हसले. साहेबही हसला, पण मग त्याने हातातला कागद खाली ठेवला. मला त्याचं हे आवडतं, की त्याने तिला उडवून लावलं नाही.

“खरं सांगतो,” तो म्हणाला. “पुराची चित्रं आपण कमी किमतीत देतो, कधी फुकट देतो. शेतीवाल्यांच्या भरवशावर ह्या हॉलचे दिवेसुद्धा लागणार नाहीत. हे सगळं संरक्षण खात्याच्या करारांवर उभं आहे. आज नाही, पहिल्या दिवसापासून. तुम्ही पहिला तुकडा फाडलात, त्या दिवशीही.”

हॉलमध्ये पाकिटांची कुरकुर थांबली. चष्मेवाली म्हणते, की आत्या जागची हलली नाही.

“मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? मी पळून गेले असते असं वाटलं?”

“वाटलं असेल.”

“गेलेही असते कदाचित. किंवा नसते. पण जाणं-राहणं माझं झालं असतं. आत्ता ते तुमचं झालं. मी काही सैन्याच्या विरुद्ध नाही, साहेब. माझ्या घरी एक सैनिक आहे, रोज त्याच्याशी लढते मी. माझं म्हणणं एवढंच. कुठलं काम कुणासाठी, ते करणाऱ्याला आधी सांगा. आणि ज्याला नको त्याला नको म्हणता आलं पाहिजे. पगार न कापता.”

“तुम्ही तर आधीच अलीकडे आहात. कुणी काही म्हटलं का?”

“मला नाही म्हटलं, कारण मी झोपेत बडबडते. ज्या गाढ झोपतात त्यांनी काय करायचं?”

आता सगळा हॉल खदखदून हसला. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. तो रंग देणाऱ्या विभागातला म्हातारा होता. मग वेल्डरांनी वाजवल्या, मग चष्मेवालीने. साहेबाने दोन्ही हात वर केले. “ठीक आहे, ठीक आहे. विचार करतो.”

“किती दिवस?” आत्याने विचारलं.

साहेब तोंड उघडणार तोच अख्खा हॉल एका सुरात म्हणाला, “दहा! नऊ! आठ!” साहेब इतका लाल झाला आणि इतका हसला, की त्याला मंचावरच बसावं लागलं.

दहा दिवसांत काही झालं नाही, हे सांगायलाच हवं. वकील आले, आणखी वकील आले, संरक्षण खात्याने नाक मुरडलं. चष्मेवाली आणि वेल्डर लोकांनी पाठपुरावा केला. नशिबाने त्याच सुमाराला दोन विद्यापीठांनी विचारलं, की आमच्या हवामानाच्या उपग्रहाची चित्रं कुठे कुठे जाणार? त्यांनाही लेखी उत्तर हवं होतं. कशाचा किती परिणाम झाला कोण जाणे, पण काही महिन्यांनी नियम लागला. प्रत्येक कामाच्या आधी सांगायचं, की हे सैन्याचं, पोलिसांचं की बाकीच्यांचं. ज्याला नको असेल त्याने दुसरं काम मागायचं, मूळ पगार तोच; पडद्यापलीकडचा भत्ता मात्र तिकडे राहणाऱ्यांनाच. चित्रं पुढे कुणाला विकायची, ह्यावर मात्र कामगारांना काही बोलता येणार नव्हतं. तेवढी लढाई आत्या हरली, आणि हरलो हे तिने मान्यही केलं.

पडदा काही निघाला नाही. आत्याला वाटलं होतं, निदान बटण तरी आता अलीकडे येईल. शिवणाऱ्या चौघीजणी आल्या. बटण आली नाही.

ह्या वेळी मात्र भांडण झालं. बसस्टॉपवर, भर रस्त्यात.

“आता तर पगार कापणार नाहीत,” आत्या म्हणाली. “मग तिकडे का राहतेस?”

“कारण तिकडे जास्त मिळतात, आणि धाकटीला शिकायचंय,” बटण म्हणाली. “आणि खरं सांगू? माझा एक भाऊ सीमेवर आहे. त्याच्यावर कुणी वरून लक्ष ठेवून आहे असं कळलं, की मला बरं वाटतं. तुला वाईट वाटतं, मला बरं वाटतं. तू नको म्हणायचा हक्क मिळवलास ना? मग मला हो म्हणायचाही असेलच की!”

  आत्या घरी येऊन आतोबांना म्हणाली, “मला तिचा भाऊ माहीत होता. इतकी वर्षं शेजारी बसते, तिच्या भावाला पाठवायचे मोजे मी विणून दिलेत. आणि मी तिला विचारलंच नाही, की तुला काय वाटतं.”

“मग आता विचार.”

“तिला बोलायला बंदी आहे.”

“शिवण्यावर बोलायला बंदी आहे,” आतोबा म्हणाले. “तुम्ही बायका जगात तेवढ्याच एका विषयावर बोलता का?”

सुट्टीच्या दिवशी आत्या बटणच्या दारात जाऊन उभी राहिली. मला सोबत नेलं होतं, कारण तिला एकटीला भीती वाटत होती, हे माझ्या आत्याच्या बाबतीत मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. बटणने दार उघडलं. आत्या म्हणाली, “कामाचं काही विचारणार नाही. बाकी सगळं विचारणार.”

“बाकी म्हणजे?”

“तुझी सासू अजून शेजारच्यांची मांजर पळवते का?”

बटणच्या गालांवर खळ्या पडल्या. “आत ये,” ती म्हणाली. “मांजर आत्ता इथेच आहे.”

त्या दोघी आत गेल्या आणि मी सासूबाईंजवळ, मांजरीला मांडीवर घेऊन, संध्याकाळपर्यंत बसून राहिले. आतून हसण्याचा आवाज येत होता. दोघींनी तिथेच नियम ठरवला: बटणने पलीकडचं सांगायचं नाही, आत्याने अलीकडचं मिरवायचं नाही, आणि बसमध्ये मागची सीट दोघींची. गंमत म्हणजे शिवणकाम वगळल्यावर बोलायला विषय वाढलेच.

त्याच वर्षी विद्यापीठांचा हवामानाचा उपग्रह तयार झाला. सगळी दुपटी आत्याच्या हातची. प्रक्षेपण बघायला कंपनीने कामगारांना घरच्यांसकट समुद्रकाठी नेलं. आम्ही सगळे गेलो: आई, बाबा, आतोबा, मी, बटण, तिच्या मुली आणि सासूबाई. पहाटे निघालेल्या बसेस सकाळी वाळूत जाऊन उभ्या राहिल्या. रॉकेट पार लांब, खाडीपलीकडे, पांढऱ्या खडूसारखं.

मग सुरू झालं थांबणं. वारा जास्त होता. मग वारा थांबला, तर कुठलीशी झडप उघडेना. लोकांनी डबे उघडले. आतोबांनी वाळूत बैठक मारून वेल्डरांना सैन्यातल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. सासूबाईंना एक कुत्रा सापडला.

चष्मेवाली आमच्यापाशी येऊन बसली आणि आत्याला म्हणाली, “मावशी, एक सांगू? आता पेपरातही आलंय, म्हणून सांगते. वर फक्त आपला नाहीये. पडद्यापलीकडचाही ह्याच रॉकेटमध्ये आहे. वेगवेगळं पाठवणं परवडत नाही. खाली तो, वरच्या बाजूला आपला.”

मी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, झालं, दिवस वाया गेला. एवढं भांडून, वर्षभर झगडून अलीकडे राहिली, आणि बाळ चाललंय त्याच्याच मांडीवर बसून.

आत्या थोडा वेळ खाडीकडे बघत राहिली. मग तिने बटणकडे बघितलं. बटण आपली समुद्राकडे तोंड करून गप्प, तिला काही बोलायचीच सोय नाही. पण तिचे खांदे हलू लागले होते. आत्याचेही हलू लागले. आणि मग त्या दोघी अशा हसत सुटल्या, की आजूबाजूचे लोक उठून बघायला आले.

“अगं, एकाच गाडीत!” आत्या डोळे पुसत म्हणाली. “साधू आणि शिपाई, एकाच तिकिटावर! आणि मी बसलेय सोवळं सांभाळत!”

“मी काही बोलले नाही,” बटण कशीबशी म्हणाली. “मी एक अक्षर बोलले नाही. लिहून घ्या.”

“म्हणजे वाया गेलं का, मावशी?” चष्मेवालीने काळजीने विचारलं.

“छे गं. वाया कसं जाईल?” आत्या म्हणाली. “त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. ह्या वेळी तू सांगितलंस. बसल्या जागी कळलं मला, माझं दुपटं कुणाच्या शेजारी चाललंय ते. आता मी रडेन नाहीतर हसेन, माझी मर्जी.” मग म्हणाली, “उद्या परत विचारीन त्या दहा-नऊला, चित्रं कुणाला विकतो ते. सोडणार नाहीये मी. पण आज नाही.”

दुपार कलली तेव्हा झडप उघडली. वाळूत उभारलेल्या मंचावरून दहा-नऊ साहेब माईकवर मोजायला लागला आणि किनाऱ्यावरचे सगळे त्याच्याबरोबर मोजू लागले. आतोबांनी तर उठून कडक सलामी ठोकली. आधी नुसता उजेड दिसला. आवाज नंतर आला, पाण्यावरून, आणि पोटात शिरला. कुत्रा पळाला. खडूचं टोक आकाशात रेघ ओढत वर वर जाऊ लागलं आणि आत्या आणि बटण एकमेकींचे हात घट्ट धरून, वाळूत अनवाणी, लहान मुलींसारख्या उड्या मारू लागल्या.

रेघ विरल्यावरही त्या बऱ्याच वेळ मान वर करून उभ्या होत्या. शेवटी बसड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आत्याची एक चप्पल सापडेना. बटणने तिला सासूबाईंची दिली, सासूबाईंना मोठ्या मुलीची दिली, आणि मोठी मुलगी तशीच अनवाणी, सगळ्यांच्या आधी पळत जाऊन मागची सीट धरून बसली.